बोंडूचा रस आणि रोजकीर्द : गोव्यातल्या कॉलेजात जीवशास्त्र आणि लघुउद्योग पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

प्रवेशाच्या दिवसांत टेबलामागे बसलं की दोन प्रश्न हमखास येतात. कॉमर्सची मुलगी विचारते, "मॅडम, दहावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक हातात घेतलेलं नाही, जमेल ना?" आणि सायन्सचा मुलगा विचारतो, "लघुउद्योगाचा पेपर घेतला तर अकाउंट्स करावे लागतील का?" दोघांना मी एकच सांगते. जमेल, आणि संधी मिळाली तर दोन्ही विषयांची तोंडओळख करून घ्या.

मी मूळची डिचोली तालुक्यातली. आमची काजूची बागायत होती. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस रात्रीत का फसफसतो आणि यंदा बियांना काय दर मिळेल, हे दोन्ही प्रश्न माझ्या आजीला एकाच पहाटे पडायचे. कॉलेजात गेल्यावर मात्र एकाचं उत्तर एका इमारतीत आणि दुसऱ्याचं दुसऱ्या इमारतीत शिकवतात असं कळलं. गेली वीस वर्षं मी पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवते आहे. गोव्यात पोट भरण्याचे जे जुने धंदे आहेत, काजू, मासळी, पाव, नारळ, कोकम, मीठ, ते सगळे जिवंत गोष्टींवर नाहीतर त्या टिकवण्यावर उभे आहेत. म्हणून हे दोन विषय मी एकत्रच समजावते, आणि हा लेखही तसाच लिहिला आहे.

आधी चौकट समजून घ्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३-२४ पासून पदवीचा नवा आराखडा आला. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. एका सत्राला साधारण २० क्रेडिट, तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची, चौथं वर्ष केलं तर १६०. यात तुमचा मुख्य विषय म्हणजे मेजर, जोडीचा मायनर, आणि भोवती लहान पेपर असतात. त्या लहान पेपरांतला एक प्रकार म्हणजे एमडीसी, बहुविद्याशाखीय पेपर. असे तीन पेपर, मिळून ९ क्रेडिट. आपल्या शाखेबाहेरच्या विषयाची प्राथमिक ओळख व्हावी हाच त्यांचा हेतू आहे. बारावीत जे शिकलात तेच इथे पुन्हा घ्यायचं नसतं. म्हणजे कॉमर्सच्या मुलीला जीवशास्त्राचं दार उघडं आहे आणि सायन्सच्या मुलाला लघुउद्योगाचं. वर्गातले बहुतेकजण तुमच्यासारखेच नवे असणार, आणि शिकवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

पेपरांची नावं कॉलेजागणिक बदलतात. कुठे उद्योजकतेची मूलतत्त्वं, कुठे दैनंदिन जीवनातलं जीवशास्त्र. नावावर जाऊ नका, आतला अभ्यासक्रम मागून घ्या. आणखी एक पाहा. म्हापशाचं सेंट झेवियर किंवा खांडोळा, साखळीची सरकारी कॉलेजं, इथे तिन्ही शाखा एकाच आवारात आहेत. मिरामारचं धेंपे कॉलेज कला आणि विज्ञानाचं, कुजिऱ्याचं एस. एस. धेंपो वाणिज्याचं. एकाच शाखेच्या कॉलेजात दुसऱ्या बाजूचे पेपर कमी असू शकतात. म्हणून अर्ज भरण्याआधी यंदा कोणते एमडीसी चालू आहेत हे कार्यालयात जाऊन विचारा. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या यादीवर विसंबू नका.

अभ्यासक्रमाशेजारी बसचं वेळापत्रक ठेवा

तासिकांचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. जीवशास्त्राच्या पेपरात प्रात्यक्षिक असेल तर एखादी दुपार त्यात जाणार हे धरूनच चाला. सत्तरी, पेडणे, काणकोण इथून येणाऱ्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते. प्रात्यक्षिकाची बॅच निवडायची मुभा असेल तर तुमच्या गावच्या शेवटच्या कदंब बसची वेळ आधी पाहा. हुशार मुलांची प्रात्यक्षिकं केवळ बस चुकेल या धास्तीने अर्धवट सुटलेली मी पाहिली आहेत. पहिल्या आठवड्यात सांगितलंत तर बॅच बदलून मिळते, ऑगस्टमध्ये ते कठीण होतं.

"बेडूक कापावा लागेल का?" असंही दबक्या आवाजात विचारतात. नाही. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतलं प्राण्यांचं विच्छेदन यूजीसीने २०१४ मध्येच थांबवलं.

खरेदी

थोडकीच. जीवशास्त्रासाठी पांढरा सुती अ‍ॅप्रन, एचबी पेन्सिल, चांगला खोडरबर, प्रात्यक्षिकाची जर्नल, आणि पायाची बोटं झाकणारे बूट. पावसाळ्यात सगळे चपला घालून येतात आणि प्रयोगशाळेच्या दाराशी अडतात. लघुउद्योगासाठी एक साधा कॅल्क्युलेटर आणि पैशांच्या रकान्याची वही. पाठ्यपुस्तक लगेच विकत घेऊ नका. पहिले पंधरा दिवस ग्रंथालयातल्या प्रतीवर काढा, शिक्षक कुठलं पुस्तक खरोखर वापरतात ते पाहा, मग ठरवा.

दोन रकान्यांची वही

आपल्यापैकी कितीतरी जण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पाचवीपासून इंग्रजीत आले आणि कॉलेजात सगळंच इंग्रजी. विषय अवघड वाटतो त्याचं निम्मं कारण शब्द असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वेगळी वही ठेवा. डावीकडे वर्गात ऐकलेला शब्द, उजवीकडे मराठी शब्द, आणि खाली घरातलं किंवा बाजारातलं एक उदाहरण. उदाहरणाशिवाय शब्द लिहू नका, तो टिकत नाही.

सेल म्हणजे पेशी, न्यूक्लियस म्हणजे केंद्रक, सेल वॉल म्हणजे पेशीभित्तिका, क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक, फर्मेंटेशन म्हणजे किण्वन, ऑस्मोसिस म्हणजे परासरण. आता परासरणाखाली काय लिहाल? मिठाच्या पाण्यात चेपलेले तोर. कैरी सुरकुतते, कारण तिच्या पेशींतलं पाणी बाहेरच्या खारट पाण्याकडे जातं. प्रयोगशाळेत ऱ्होईओच्या जांभळ्या पानावर मिठाचं पाणी टाकून तुम्ही हेच पाहणार आहात. भिंतीच्या आतला जांभळा गोळा आक्रसून एका कोपऱ्यात जातो. ज्या मुलीने आईबरोबर तोर चेपलेले आहेत तिला हे एका मिनिटात कळतं.

लघुउद्योगाच्या शब्दांचं तर मराठीत जुनं वैभव आहे. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, टर्नओव्हर म्हणजे उलाढाल, वर्किंग कॅपिटल म्हणजे खेळतं भांडवल. या शेवटच्या शब्दावर थोडं थांबा. भांडवल खेळतं, म्हणजे हातातून मालात, मालातून उधारीत, उधारीतून पुन्हा हातात असं फिरतं. इंग्रजी व्याख्या चारदा वाचून जे लक्षात येत नाही ते या एका शब्दात आहे. आणि मालसाठा म्हणजे काय हे गोव्याच्या मुलाला समजावून सांगायला नको. पावसाआधी पुरुमेंत भरणाऱ्या घरात आपण वाढलो. सुकी मासळी, मिरच्या, कोकम, मीठ, तांदूळ चार महिन्यांसाठी किती घ्यायचं, कुठे ठेवायचं, बुरशी लागली तर काय फेकायचं, हे सगळं साठ्याचं व्यवस्थापनच होतं.

सूक्ष्मदर्शकाशी ओळख

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कॉमर्सची मुलं इथेच बिचकतात आणि इथेच विषयाच्या प्रेमात पडतात.

सूक्ष्मदर्शकाला दोन ठिकाणी भिंगं असतात. डोळ्याजवळचं बहुधा दहापट, खालच्या फिरत्या चकतीवरची चारपट, दहापट, चाळीसपट. दोन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन. दहा गुणिले चाळीस, चारशेपट. सुरुवात कायम सर्वांत कमी ताकदीच्या भिंगाने करा. चित्र सापडलं, मधोमध आणलं, मगच पुढचं भिंग. चाळीसपट भिंग लावल्यावर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त लहान स्क्रू. नाहीतर भिंग काचपट्टीवर टेकतं आणि काच फुटते. माझ्याकडून पहिल्याच वर्षी एक फुटली होती. शिक्षकांनी मला बाजूला नेऊन स्क्रू पाच वेळा फिरवून घेतला, तेव्हापासून हाताला ते वळणच पडलं.

पहिल्या दिवशी पेशी पाहायच्या आधी मराठी वर्तमानपत्रातलं एक अक्षर कापून काचेवर ठेवा. 'प' घ्या. तो उलटा दिसेल आणि डावं-उजवंही बदललेलं असेल. काच डावीकडे सरकवलीत की चित्र उजवीकडे जाईल. हाताला हे पाच मिनिटं सवयीचं करा, पुढचे तीन महिने सोपे जातात.

मग कांदा. जाड पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोला. पाण्याच्या थेंबात पसरवा, घडी पडू देऊ नका. आयोडीनचा किंवा सॅफ्रॅनिनचा एक थेंब टाका. आच्छादनाची काच तिरकी टेकवून हळूहळू खाली आणा, धपकन टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा गोल असतो, त्याची कड जाड काळी आणि आत काहीच नसतं. दरवर्षी निदान दहा मुलं मन लावून बुडबुड्याचं चित्र काढतात आणि खाली 'पेशी' लिहितात. कांद्याची पेशी विटांच्या भिंतीसारखी लांबट, एकीला एक चिकटलेली, आणि आत एक गडद ठिपका, तो केंद्रक.

चित्र पेन्सिलीनेच काढायचं, सलग एका रेषेत, छाया न देता. नावांच्या रेषा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या, शक्यतो सगळी नावं एकाच बाजूला. खाली वर्धन लिहायचं. जे दिसलं तेच काढा. पुस्तकातलं चित्र उतरवलेलं आम्हाला लगेच ओळखू येतं, कारण पुस्तकातल्या पेशीत जे दिसतं ते चारशेपटीत दिसूच शकत नाही.

गणिताची धास्ती असणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. पुढे आनुवंशशास्त्र शिकलात तर कोसंबी हे नाव भेटेल. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात कोसबें इथे जन्मले, ते गणितज्ञ आणि इतिहासाचे मोठे अभ्यासक. गुणसूत्रावरची जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे काढण्याचं त्यांचं सूत्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्याच नावाने वापरतात. एका माणसाच्या डोक्यात इतके विषय सुखाने नांदले, तुम्ही तर दोनच घेताय.

फुगा, पोदेर आणि बोंडू

किण्वनाचा प्रयोग घरीही करता येतो, आणि दोन्ही विषयांना जोडणारा याहून चांगला प्रयोग मला ठाऊक नाही. चार सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत २०० मिलिलिटर पाणी आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट. तीन बाटल्यांत एकेक चमचा साखर, चौथीत साखर नाही. तोंडाला फुगे बांधा. साखरेची एक बाटली बर्फात, एक टेबलावर, एक कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. बिनसाखरेची टेबलावरच राहू द्या. दर दहा मिनिटांनी फुग्याभोवती दोरा गुंडाळून मोजा आणि लिहा.

यीस्ट साखर खातं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. फुगा फुगवतो तो हा वायू. कोमट बाटलीचा फुगा पुढे जाईल, बर्फातला जेमतेम हलेल, बिनसाखरेचा लुळा राहील. ती चौथी बाटली विसरू नका. तिच्यामुळेच ठामपणे म्हणता येतं की फुगा साखरेमुळे फुगला. विज्ञानात तिला कंट्रोल म्हणतात. पाणी कढत घेतलंत तर यीस्ट मरतं आणि काहीच होत नाही. तसं झालं तर तेही लिहा, फसलेल्या प्रयोगाची खरी नोंद गुण मिळवून देते.

आता हेच घेऊन पोदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे जा. पूर्वी आपल्याकडचे पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर वापरत, तिच्यात यीस्ट आपसूक असतं. आज बहुतेक ठिकाणी विकतचं यीस्ट असतं, पण काम तेच. पीठ किती वेळ ठेवता, थंडीत वेळ वाढतो का, उंडे आणि पोई या पावांत फरक काय, लाकडाचा खर्च किती, उरलेल्या पावाचं काय करता, हे नम्रपणे विचारा. पहाटे नाही, तेव्हा त्याला बोलायला उसंत नसते. दुपारच्या भट्टीआधी थोडा निवांतपणा सापडतो. पहिले दोन प्रश्न जीवशास्त्राच्या वहीत जातील, शेवटचे दोन लघुउद्योगाच्या.

बोंडूचंही तसंच. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, नाव अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेन्टाले. बोंडू तुडवून काढलेला रस भांड्यात दोन-तीन दिवस ठेवतात. परंपरेने वरून यीस्ट कुणी घालत नाही, फळाच्या सालीवर आणि भांड्यात असलेलंच काम करतं. मग भट्टी, पहिला उतारा हुर्राक, पुढे फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन हा लघुउद्योगाच्या पेपरातला आवडता प्रश्न आहे, आणि उदाहरणं दारातच आहेत: खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, गोव्याचं खाजें, मानकुराद, बेबिंका. भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो, म्हणून प्रयोग फुग्यावरच थांबवा.

सरबताच्या बाटलीचा हिशेब

सायन्सच्या मुलांनो, इथे तुमची पाळी. अकाउंट्सच्या नावाने घाबरू नका. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार पुरतो. प्राथमिक पेपरात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच आहे, आणि ती एका उदाहरणात सांगते. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा, तुम्ही भिरंडांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, सरबत करून विकायचं ठरवलं. एका बाटलीला भिरंडं, साखर, बाटली, लेबल मिळून ७० रुपये लागतात. हा बदलता खर्च, बाटल्या वाढल्या की वाढतो. बाटली १२० रुपयांना विकता. म्हणजे एका बाटलीमागे ५० रुपये सुटतात. आता नोंदणी, तपासणी, बाजारातली जागा, रिक्षाभाडं असा हंगामाचा ठरावीक खर्च ९,००० रुपये. एकही बाटली विकली नाही तरी हा होणारच. ९,००० भागिले ५० म्हणजे १८०. एकशेऐंशीव्या बाटलीपर्यंत तुम्ही फक्त खर्च भरून काढता, नफा एकशेएक्याऐंशीव्या बाटलीपासून. याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात.

बहुतेक मुलं इथेच थांबतात आणि खूश होतात. मी त्यांना विचारते, आईची मजुरी कुठे आहे? समजा, तिने ४५ दिवस रोज दोन तास भिरंडं फोडली, सालं साखरेत मुरवली. नव्वद तास, तासाला ६० रुपये धरले तरी ५,४०० रुपये. ठरावीक खर्च १४,४०० झाला आणि बिंदू सरकला २८८ बाटल्यांवर. घरच्या बाईच्या श्रमाला शून्य धरून मांडलेला हिशेब चुकीचा असतो, मग तो कितीही नीटनेटका लिहिलेला असो. गोव्यातले कितीतरी घरगुती उद्योग नफ्यात दिसतात ते याच शून्यामुळे. तुमच्या पिढीने तरी तो रकाना भरावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण उधारीची. दुकानदाराने ४० बाटल्या नेल्या आणि पैसे चवथीनंतर देतो म्हणाला. कागदावर विक्री झाली, नफाही दिसतो, पण साखर आणायला हातात पैसा नाही. नफा आणि रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून वहीत दोन पानं ठेवा, एक विक्रीचं, एक हातात आलेल्या पैशाचं.

आणि तिसरी अडचण जीवशास्त्राची. महिन्याभरात बाटलीचं झाकण फुगलं, उघडली तर फस्स आवाज. फुग्यातलं तेच यीस्ट इथे आलं. साखर पुरेशी असती तर परासरणाने सूक्ष्मजीवांच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं गेलं असतं आणि ते वाढले नसते. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या असत्या, साखर मोजून घातली असती, तर चाळीस बाटल्यांचं नुकसान वाचलं असतं. ज्याने दोन्ही पेपर घेतले आहेत तो हे नुकसान रुपयांतही सांगू शकतो आणि पेशींतही.

कागदपत्रं, थोडक्यात

सूक्ष्म, लघु, मध्यम यांच्या व्याख्या परीक्षेत विचारतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा पाठ करा, जुन्या नोट्समधल्या नकोत. सूक्ष्म उद्योग म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघु २५ आणि १०० कोटी, मध्यम १२५ आणि ५०० कोटी. म्हणजे तुमचा पोदेर, चहाचा गाडा आणि खाजेंवाली बाई सगळेच सूक्ष्म.

उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारं पान दिसलं की बंद करा. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. जीएसटी नोंदणी मालाच्या विक्रीत सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या पुढे आणि सेवेत २० लाखांच्या पुढे लागते. कर्जासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारण न ठेवता मिळतं. गोव्यात ईडीसी या सरकारी वित्तसंस्थेमार्फत मुख्यमंत्री रोजगार योजना आहे. प्रकल्पासाठी यांपैकी एका योजनेचा अर्ज उतरवून घेऊन काल्पनिक उद्योगाचा म्हणून पूर्ण भरून पाहा. प्रत्येक रकान्यात काय मागतात आणि का, हे कळलं की निम्मा पेपर झाला.

बाजार आणि खाजण

क्षेत्रभेट सत्रातून एकदाच नेतील. तुम्ही स्वतः जा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किंवा तुमच्या गावातली नुस्तेंकारीण, म्हणजे मासळीवाली, पुरेशी आहे. दहा मासळ्यांची नावं स्थानिक भाषेत लिहा, भाव लिहा, फोटो काढण्याआधी विचारा. घरी येऊन शास्त्रीय नावं शोधा. बांगडो रॅस्ट्रेलिगर कनागुर्टा, तारलो सार्डिनेला लॉंजिसेप्स, शेवटो म्युजिल सेफॅलस. पहिलं नाव कुलासारखं, दुसरं व्यक्तीच्या नावासारखं. छापतात तिरक्या अक्षरांत, हाताने लिहिताना खाली रेघ.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. या काळात अनेक माशांची वीण होते, पिल्लांना वाढायला सवड मिळावी म्हणून. त्याच नुस्तेंकारणीकडे जुलैत, ऑगस्टच्या मध्यावर आणि डिसेंबरात भाव विचारा आणि आलेख काढा. मागणी आणि पुरवठ्याचा धडा आणि प्रजननाचा धडा त्या एका आलेखात सापडतील, आणि दोन्ही शिक्षकांना तो दाखवता येईल.

खारफुटी पाहायची असेल तर रायबंदरहून फेरीने चोडणला जा, तिथे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ओहोटीची वेळ पाहून निघा. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं ओहोटीतच दिसतात. चिखलात प्राणवायू नसतो म्हणून झाड श्वासासाठी मुळं वर काढतं. अभयारण्यातलं पानही तोडून आणायचं नाही, कायद्याने मनाई आहे. चित्र काढा, फोटो घ्या. येताना खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, दिसलं तर बांध आणि मानस पाहा. भरती-ओहोटीनुसार उघडझाप होणाऱ्या त्या लाकडी दाराने खारं पाणी अडवून कोरगुट भात पिकवलेलं आहे, आणि मानसीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी होते. लिलाव या शब्दासाठी वहीत उदाहरण मिळालं.

परीक्षेआधी

लेखी परीक्षेचं फारसं सांगण्यासारखं नाही. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात असतात, तीन सोडवा. जीवशास्त्रात उत्तराआधी आकृती काढा, मग तिच्यावरून लिहा. हिशेबात पायऱ्या दाखवा, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना गुण असतात.

प्रात्यक्षिकाची मात्र आतापासून तयारी हवी. पेशीविभाजन पाहायला कांद्याच्या मुळांची टोकं लागतात, आणि ती आयत्या वेळी मिळत नाहीत. बाजारातला कांदा घ्या, सुकलेली जुनी मुळं ब्लेडने हळूच खरवडा, खालची चकती कापू नका. पाण्याने काठोकाठ भरलेल्या लहान पेल्यावर तो असा टेकवा की फक्त बूड पाण्याला लागेल. रोज पाणी बदला, नाहीतर कुजतो. तीन-चार दिवसांत दोन सेंटिमीटरची पांढरी मुळं येतात. गुरुवारी प्रात्यक्षिक असेल तर कांदा रविवारी ठेवा, आणि एक नव्हे तीन ठेवा. एखाद्याला मुळं येतच नाहीत, आणि शेजारचा हमखास विसरलेला असतो.